बाळाचे वरचे दूध



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास, साहित्य, राजकारण, अध्यात्म अशा मोठमोठ्या विषयांवर भाषणे होतात. त्या पंक्तीत तान्ह्या मुलाच्या दुधाचा विषय आणून बसवला, तर काही श्रोत्यांना तो बायकांनी माजघरात बोलावयाचा विषय वाटेल. परंतु हा विषय माजघराबाहेर पडून शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. तो औषधाच्या दुकानातील फळीवर गेला, कारखान्यात गेला, संसदेत गेला, जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेतही गेला. मग तो नागरिकांच्या सभेत का येऊ नये?

आपल्या या नव्या मुंबईत तर तो यायलाच हवा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीच्या या बाजूला नवे शहर उभे राहू लागले. पुढे १९९२ साली येथे महानगरपालिका आली आणि त्याच वर्षी खाडीपुलावरून मानखुर्दची रेल्वे वाशीला पोहोचली. त्याच १९९२ साली संसदेने बाळांचे पर्यायी दूध, दुधाच्या बाटल्या आणि बाळांचे खाद्य यांच्या व्यवहारावर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. हा केवळ योगायोग आहे. पण ज्या घरातील आई सकाळची गाडी पकडून कामाला जाते आणि आजी साताऱ्याला किंवा रत्नागिरीला असते, त्या घरात या गोष्टींची गाठ पडते. आई गाडीत असते आणि घरात डबा असतो. त्या डब्यात नेमके काय आहे, त्याचे प्रकार किती आणि त्यांतले कोणते खरोखर वेगळे, एवढेच आज आपल्याला पाहावयाचे आहे.

आरंभीच एक खुलासा करतो. आईचे दूध सर्वश्रेष्ठ, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ते खरेही आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर इतर अन्नाबरोबर ते दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा महिन्यांखालील शंभर बालकांपैकी सुमारे चौसष्ट बालके केवळ आईच्या दुधावर असल्याचे आढळले. म्हणजे उरलेल्या छत्तिसांच्या तोंडी दुसरे काहीतरी जात होते. कोणाची आई आजारी, कोणाची दगावलेली, कोणी दत्तक घेतलेले, कोणाची आई कामावर, तर कोणाच्या घरी नुसताच गैरसमज. या मातांना दोष देण्यासाठी मी उभा नाही. वरचे दूध द्यावेच लागले, तर ते समजून द्यावे, इतकेच सांगण्यासाठी उभा आहे.

पूर्वी काय होते, ते आधी पाहू. वरचे दूध ही काही इंग्रजांनी आणलेली गोष्ट नव्हे. आपल्या घरात चांदीचे किंवा पितळेचे बोंडले असे. त्यातून गाईचे नाहीतर शेळीचे दूध पाणी घालून बाळाला पाजीत. ऐपतदारांच्या घरी दूध पाजणारी दाई असे. आईवेगळी झालेली मुले अशा दुधावर वाढतही. पण किती वाढली नाहीत, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

गाईचे दूध वासराला मानवते, मग मुलाला का मानवू नये? याचे उत्तर आकड्यांत आहे. आईच्या १०० मिलिलिटर दुधात प्रथिने साधारण १ ग्रॅम असतात. गाईच्या दुधात तीन ग्रॅमहून अधिक, म्हशीच्या दुधात चारच्या आसपास. वासराला थोड्या महिन्यांत पाडा व्हायचे असते, माणसाच्या मुलाला तशी घाई नसते. आईच्या दुधातील साखर सुमारे ७ ग्रॅम. गाईच्या दुधात ती पाचांच्या आत. शिवाय प्रथिनांची जातही वेगळी. दूध नासल्यावर जो चोथा राहतो तो केसीन, आणि वर जी निवळी राहते तिच्यातली प्रथिने वेगळी. आईच्या दुधात निवळीतील प्रथिने अधिक, सुमारे साठ टक्के; गाईच्या दुधात वीस टक्केच, बाकी सारे केसीन. त्यामुळे गाईच्या दुधाचा बाळाच्या पोटात घट्ट गोळा बनतो. जास्तीची प्रथिने आणि क्षार बाहेर टाकता टाकता कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. लोह तर त्यात नाममात्र. शेळीचे दूध हलके म्हणतात, पण त्यात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी. केवळ त्याच दुधावर ठेवलेले मूल पांडुरोगी होते. पाणी घातले की प्रथिने कमी होतात खरी, पण त्याबरोबर शक्तीही कमी होते. आपल्या आजीबाईंनी केलेली खटपट प्रामाणिक होती. पण नुसते पाणी घालून हे गणित सुटणारे नव्हते.

ते सोडवण्याचा प्रयत्न रसायनशास्त्रज्ञांनी केला. जर्मनीतील युस्टुस फोन लीबिग याने १८६५ साली गाईचे दूध, गव्हाचे पीठ, माल्ट आणि थोडा क्षार यांचे एक मिश्रण प्रसिद्ध केले. स्वित्झर्लंडमधील व्हेवे गावी आंरी नेस्ले याने १८६७ साली दूध, पीठ आणि साखर यांचे बालान्न काढले. पुढे न्यूझीलंडच्या दुधाची भुकटी ‘ग्लॅक्सो’ या नावाने जगभर गेली आणि आपल्याकडेही आली. इतकी आली की गुटगुटीत मुलाला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणण्याची चाल मराठी घरांत पडली. शब्दच सांगतो की जाहिरात कुठपर्यंत पोहोचली होती!

आपल्या देशाने या बाबतीत केलेली कामगिरी मात्र जाहिरातीत हरवू नये. आपल्याकडे दूध मुख्यतः म्हशीचे, आणि म्हशीच्या दुधाची भुकटी होतच नाही, असे परदेशी तज्ज्ञ ठामपणे सांगत. आणंदच्या सहकारी दूध संघातील हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली, आणि १९५५ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तेथील भुकटीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालकांना पचेल असे अन्न बनवण्याची पद्धत बसवली आणि १९६० च्या सुमारास आणंदहून ते डबे बाजारात येऊ लागले. तोवर बाळाच्या दुधासाठी देशाला बोटीची वाट पाहावी लागे.

आता आजच्या फळीकडे वळू. दुकानात गेल्यावर डबे पाहून माणूस गांगरतो. एकावर १, दुसऱ्यावर २, कोठे ३ आणि ४. कोठे ‘गोल्ड’, कोठे ‘प्रो’, कोठे ‘ॲडव्हान्स’. कोठे मेंदूसाठी म्हणे, कोठे पचनासाठी. हे सारे नीट लावले, तर फळीवर खरे कप्पे तीनच आहेत.

पहिला कप्पा साध्या दुधाचा. निरोगी, दिवस भरून जन्मलेल्या बाळासाठी, जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतचा हा डबा. यालाच फॉर्म्युला म्हणतात. फॉर्म्युला म्हणजे कृती. गाईचे, आणि आपल्याकडे म्हशीचेही, दूध घेऊन त्यातली प्रथिने कमी करावयाची, दुधातील साखर वाढवावयाची, चरबीच्या जागी वनस्पतींची तेले घालावयाची, आणि लोह, जस्त व जीवनसत्त्वे ठरलेल्या मापाने मिसळावयाची, ही ती कृती. कशात किती घालावे हे कंपनीच्या मर्जीवर नाही. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली बालकांच्या अन्नासाठी स्वतंत्र नियमावली केली आहे. तिच्यात प्रत्येक घटकाची किमान आणि बहुतेकांची कमाल मर्यादाही दिलेली असते. म्हणून या कप्प्यातील स्वस्त आणि महाग डबे मूळ बाबतीत सख्खे भाऊ आहेत. निवळीतील प्रथिनांचे प्रमाण थोडे कमीअधिक, एखादे मेदाम्ल किंवा उपयुक्त जिवाणू अधिक घातलेले, असा फरक असतो. त्याचा काहींना थोडा उपयोगही होत असेल. परंतु महाग डब्याने मूल अधिक हुशार होईल या आशेने घरखर्च ओढग्रस्तीला आणावा, असे त्यात काही नाही.

दुसरा कप्पा वयाच्या आकड्यांचा. सहा महिन्यांनंतर २, वर्षानंतर ३, दीड वर्षानंतर ४. शाळेच्या इयत्तांसारखे हे आकडे वाटतात आणि चौथीत घातले नाही तर मूल मागे पडेल, अशी धास्ती आईबापांना पडते. ती व्यर्थ आहे. वर्ष उलटलेल्या निरोगी मुलाला घरचे जेवण आणि साधे तापवलेले दूध पुरते. वर्षावरच्या मुलांना असे पुढच्या पायरीचे दूध देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ सालच्या मार्गदर्शनात म्हटले आहे. मग हे आकडे कशासाठी? एक कारण उघड आहे. पहिल्या डब्याचे गिऱ्हाईक सहा महिन्यांत हातचे जाते. चौथ्या डब्यापर्यंत नेले तर ते दोन वर्षे टिकते.

तिसरा कप्पा मात्र खरोखर वेगळा आहे आणि तो औषधाचा समजावा. त्यातील मुख्य प्रकार सांगतो.

दिवस भरण्यापूर्वी किंवा फार कमी वजनाचे जन्मलेल्या बाळासाठी अधिक शक्तीचे दूध असते. आईच्याच दुधात मिसळावयाच्या पुड्याही मिळतात. ते रुग्णालयाच्या देखरेखीखालीच द्यावयाचे.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ते काढून टाकलेले दूध दुसरे. एखाद्या बालकाला मोठा अतिसार होऊन गेल्यावर काही दिवस लॅक्टोज पचत नाही, तेव्हा डॉक्टर ते देतात. परंतु जन्मतःच लॅक्टोज न पचणे ही अतिशय दुर्मीळ गोष्ट आहे. आईच्या दुधात तर लॅक्टोज भरपूर असते. अंगावर पिणारे मूल दिवसातून सहा वेळा पातळ शी करते म्हणून आईचे दूध तोडून हा डबा आणणे, हा उलटा न्याय झाला.

तिसरे सोयाबीनचे. त्यात जनावराचे दूध नाहीच. गॅलॅक्टोसीमिया नावाच्या जन्मजात विकारात बालकाला आईचे दूधही चालत नाही. तेथे हा डबा जीवदान ठरतो. पण केवळ घर शाकाहाराच्या पलीकडच्या काटेकोर व्रताचे आहे म्हणून, किंवा मूल रडते म्हणून, तो आणू नये. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला तर तो वर्ज्यच. आणि दुकानात मिळणारे सोयाचे किंवा बदामाचे पेय म्हणजे हे दूध नव्हे. ते पाजून मूल वाढत नाही.

चौथा प्रकार आधीच तोडलेल्या प्रथिनांचा. काही थोड्या बालकांना गाईच्या दुधातील प्रथिनांचे वावडे असते. शीतून रक्त जाते, अंगावर पुरळ उठते, वजन वाढत नाही. त्यांच्यासाठी प्रथिनांचे बारीक बारीक तुकडे केलेले दूध असते, आणि तेही न चालल्यास नुसत्या अमिनो आम्लांचे. येथे एक फसगत होते. प्रथिने अर्धवट तोडलेलाही एक डबा असतो, ‘पोटाला हलका’ म्हणून तो खपतो. खऱ्या वावड्याला तो उपयोगी नाही. आणि गाईचे वावडे म्हणून शेळीचे दूध द्यावे, तर दोन्हींतील प्रथिने इतकी सारखी की बहुधा तेही बाधते.

शेवटी फेनिलकीटोन्यूरियासारख्या जन्मजात विकारांचे डबे. एखादे अमिनो आम्ल शरीरात साचून मेंदूला इजा करते, म्हणून तेवढे एक काढून टाकलेले. ज्याच्या घरी असे मूल आहे, त्यालाच या डब्याची किंमत कळते.

तेव्हा साध्या कप्प्यात निवड करण्यासारखे थोडे, आणि विशेष कप्प्यात निवड आपली नव्हेच, ती डॉक्टरची. दुकानदाराने, शेजारणीने किंवा मोबाइलवरील चित्रफितीने सांगून तिसऱ्या कप्प्याला हात लावू नये.

आपल्यापैकी पुष्कळ आजी-आजोबा मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जातात, त्यांच्यासाठी एक सूचना. तेथे हे दूध तीन रूपांत मिळते. भुकटी, पाणी घालावयाचे घट्ट दूध, आणि तसेच पाजावयाचे तयार दूध. तयार दुधात पाणी घातले तर बाळ उपाशी. घट्ट दुधात घातले नाही तर बाळाच्या मूत्रपिंडांचे हाल. डबा उघडण्यापूर्वी चष्मा लावावा, हे उत्तम.

आता मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. आपण डबा निवडण्यात दहा दिवस घालवतो आणि तो कालवण्यात दहा सेकंद! वास्तविक बाळाचे बरेवाईट होते ते कालवण्यात.

हिशेबच मांडू. पाच किलो वजनाच्या, केवळ वरच्या दुधावर असलेल्या बाळाला दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध लागते. बहुतेक डब्यांत एक सपाट मापी चमचा ३० मिलिलिटर पाण्याला, असे प्रमाण असते. म्हणजे दिवसाला पंचवीस चमचे, सुमारे ११० ग्रॅम भुकटी. ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसही पुरत नाही. महिन्याला आठ डबे लागतात. साध्यातल्या साध्या डब्याचे चारशे रुपये धरले, तरी महिना तीन हजारांवर जातो. सानपाड्याला तीन घरची धुणीभांडी करणाऱ्या किंवा तुर्भ्याच्या बाजारात मिरच्या निवडणाऱ्या बाईला हा खर्च झेपत नाही. मग काय होते? डबा चार दिवसांऐवजी सहा दिवस पुरवला जातो. चमचा ३० ऐवजी ४५ मिलिलिटर पाण्यात पडतो. दूध पांढरेच दिसते, बाळाचे पोटही भरते. पण त्याला शंभराऐवजी सहासष्टच मिळाले. रोज तिसरा हिस्सा उपास. बाळ किरकिर करते, वाळत जाते, आणि घरचे म्हणतात की हा डबा त्याला मानवत नाही, दुसरा आणा! मानवत नाही ती गरिबी.

उलट बाजूही आहे. चांगल्या घरात ‘बाळ अंग धरीना’ म्हणून शीग लावून चमचे टाकतात. घट्ट दुधाने बाळाला तहान लागते, शौचाला खडा होतो, रक्तातील क्षार वाढतात. चमचा डब्यातलाच घ्यावा, सुरीने सपाट करावा, आधी पाणी मोजावे आणि मग भुकटी घालावी. एका डब्याचा चमचा दुसऱ्याला वापरू नये, कारण मापे सारखी असतीलच असे नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. भुकटीचे दूध निर्जंतुक नसते. डबा हवाबंद असला तरी त्यात क्रोनोबॅक्टर नावाचे जंतू क्वचित असू शकतात. कोवळ्या बालकाच्या मेंदूपर्यंत ते पोहोचले तर जीवही जाऊ शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले की पाणी उकळावे, अर्ध्या तासाच्या आत, ते ७० अंशांखाली उतरण्यापूर्वी भुकटी कालवावी, आणि मग भांडे गार पाण्यात धरून पाजण्याजोगे करावे. पुष्कळ डब्यांवर उकळून कोमट केलेले पाणी घ्या, असे लिहिलेले असते. तेव्हा विशेषतः दोन महिन्यांखालील आणि कमी वजनाच्या बाळासाठी आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न अवश्य विचारावा. कालवलेले दूध दोन तासांत संपवावे, बाळाचे उष्टे राहिलेले टाकून द्यावे. आपल्या महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे, नळाला पाणीही बरे येते. पण इमारतीची टाकी कधी धुतली हे आपल्याला ठाऊक नसते. पाणी उकळावेच. आणि बाटली? तिच्या बुचातील खाचाखोचा धुवून निघत नाहीत. वाटीचमचा किंवा आजीचे ते बोंडले बाटलीपेक्षा कितीतरी स्वच्छ ठेवता येते. जुन्या वस्तूंतील सर्वच टाकाऊ नसते.

इतकी काळजी का, असे कोणी विचारील. कारण तान्ह्याचे ते एकमेव अन्न असते. आपल्या ताटात भात बिघडला तर भाकरी असते. त्याच्या ताटात दुसरे काही नाही. १९७९ साली अमेरिकेत एका सोयाच्या दुधात क्लोराइड कमी पडले आणि शंभराहून अधिक बालके आजारी झाली. पुढच्या वर्षी तेथे त्यासाठी कायदा झाला. २००३ साली इस्राएलमध्ये अशाच डब्यात ब-१ जीवनसत्त्व नव्हते. काही बालके दगावली, काही कायमची अधू झाली. २००८ साली चीनमध्ये दुधात पाणी घालून, ते चाचणीत पकडले जाऊ नये म्हणून मेलामाइन मिसळले गेले. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली. सरकारी आकड्याप्रमाणे सहा मृत्यू झाले. २०२२ साली अमेरिकेत मिशिगनमधील एक कारखाना बंद ठेवावा लागला आणि एवढ्या श्रीमंत देशाला विमानांनी दूध आणावे लागले. मी हे भिववण्यासाठी सांगत नाही. डबे बहुधा चांगलेच असतात. पण कारखान्यावर विसंबलेले मूल किती नाजूक धाग्याला लोंबत असते, ते ध्यानी यावे.

१९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनी ‘दूध आणि खून’ असे शीर्षक देऊन भाषण केले. गोड आटीव दूध बाळांचे अन्न म्हणून खपवणाऱ्यांना त्यांनी भरसभेत जबाबदार धरले. त्यानंतर बेचाळीस वर्षांनी, १९८१ साली, जागतिक आरोग्य सभेने या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. विरोधात मत फक्त अमेरिकेचे पडले. त्याच संहितेतून आपला १९९२ चा कायदा निघाला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. दोन वर्षांखालील मुलांच्या दुधाची जाहिरात करावयाची नाही, फुकट डबे वा भेटी द्यावयाच्या नाहीत, डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापावयाचे नाही, ते आईच्या दुधासारखे आहे असे सुचवावयाचे नाही, डॉक्टरांच्या परिषदांना पैसे पुरवावयाचे नाहीत. आपला कायदा जगातील कडक कायद्यांत गणला जातो. तेव्हा प्रसूतिगृहातून घरी येताना कोणी कंपनीचा डबा भेट म्हणून पिशवीत घातला, तर ते सौजन्य नसून गुन्हा आहे, हे आपण ओळखले पाहिजे.

मग वरच्या दुधाला दुसरा मार्गच नाही काय? आहे, आणि तो जवळच आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातांच्या दुधाची पेढी सुरू केली. आशियातील ती पहिली. ज्या मातांना दूध अधिक येते त्या ते दान करतात, तपासून ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून ते आजारी आणि कमी दिवसांच्या बालकांना देतात. शिवाय नोकरीला जाणाऱ्या आईने स्वच्छ हाताने दूध काढून थंड जागी ठेवले, तर पाळणाघरातले बाळ तेच वाटीने पिऊ शकते.

मात्र त्यासाठी आईला वेळ हवा आणि जागा हवी. १९९२ च्या कायद्याने डब्याला आवर घातला. पण आईला घरी राहता आले नाही, तर त्या कायद्याचा अर्धाच उपयोग. २०१७ साली प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि पन्नास वा अधिक नोकरदार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर ठेवणे बंधनकारक झाले. सहा महिने केवळ आईचे दूध आणि सहा महिने रजा, हे गणित जुळले. पण कोणासाठी? कचेरीतील बाईसाठी. धुणीभांडी करणारी, विटा उचलणारी, बाजारात निवडटिपण करणारी बाई हक्काच्या पगारी रजेबाहेरच राहिली. पातळ दुधाचा तो डबा मुख्यतः तिच्याच घरात असतो.

पनवेलच्या पलीकडे आपल्याच रायगड जिल्ह्यात हिरकणीचा बुरूज आहे. कथा सर्वांना ठाऊक आहे. गडावर दूध विकायला गेलेली गवळण. सांजेला दरवाजे बंद झाले आणि तान्ह्यासाठी ती कडा उतरून गेली. आपण तिच्या धैर्याचे पोवाडे गातो, एस. टी. च्या स्थानकांवर तिच्या नावाचे कक्षही केले आहेत, ते योग्यच. पण कथेतल्या एका गोष्टीकडे मला लक्ष वेधावयाचे आहे. तिला कडा उतरावा लागला, कारण आई असलेल्या कामकरी बाईसाठी दरवाजा उघडण्याची सोय गडावर नव्हती. आजही दर सकाळी अशा कितीतरी जणी या शहरात दूध अंगावर घेऊन कामाला जातात आणि दरवाजे संध्याकाळीच उघडतात.

म्हणून, सभ्य श्रोतेहो, डब्यांचे प्रकार समजून घ्या, पण प्रश्न डब्यांचाच आहे असे समजू नका. घरी बाळ असेल तर पहिल्या दिवसांत आईला धीर द्या; ‘तुला दूध पुरत नाही’ हे वाक्य घाईने उच्चारू नका. बाळ दिवसातून सहा वेळा तरी लघवी करते आणि वजन वाढते आहे, तोवर दूध पुरते आहे. वरचे दूध लागलेच तर साधा डबा घ्या, लेबल वाचा, सपाट चमचा टाका, पाणी उकळा. आणि तुमच्या घरी काम करणारी बाई बाळंत झाली, तर तिला जुने कपडे देऊन मोकळे होऊ नका. दोन-तीन महिन्यांचा पगार द्या आणि तिची जागा राखून ठेवा. त्या पगाराची बाळाच्या अंगी जी शक्ती भरेल, ती कोणत्याही सोनेरी अक्षरांच्या डब्यात मिळत नाही.